‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट म्हणजे वाईट बातमी?

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’ दिसलं की घरात रडारड सुरू होते. पॉझिटिव्ह म्हणजे आजार पसरला, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

या ओळीचा पसरण्याशी संबंध नाही. इस्ट्रोजेन (ईआर) किंवा प्रोजेस्टेरॉन (पीआर) ही हार्मोन पकडणारे रिसेप्टर कर्करोगाच्या पेशींत सापडले, एवढंच ती सांगते. तपासणीत १ टक्का पेशींत रिसेप्टर दाखवणारा रंग दिसला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात, म्हणून शेजारचा टक्का जरूर बघावा. कारण १ ते १० टक्के आणि ९० टक्के यांत बराच फरक असतो. (हर-२ ही पेशींवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाची वेगळी तपासणी, तो हार्मोनचा रिसेप्टर नव्हे.)

रिसेप्टर असणं उलट उपयोगाचं, कारण औषधाला नेम धरायला जागा मिळते. अशा रुग्णांमध्ये ५ वर्षं घेतलेल्या टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या औषधामुळे पहिल्या १५ वर्षांतलं स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं. ही स्वस्त, रोजची गोळी आहे. निगेटिव्ह गाठींवर ती चालत नाही.

पण दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: ‘पाच वर्षं झाली, सुटलो’. ट्रिपल निगेटिव्हमध्ये (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) आजार परत येण्याचा धोका पहिल्या काही वर्षांत जास्त असतो, नंतर झपाट्याने उतरतो. ईआर पॉझिटिव्हमध्ये तो कमी असला तरी रेंगाळतो. २० वर्षांपर्यंत आजार उलटल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच काहींना गोळी १० वर्षं देतात. बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करू नये.