रस्त्यावर किंवा भिंतीवर राजकीय मजकूर रंगवायचाय? परवानगी कोणाची, कागदपत्रं कोणती?

महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत रस्त्यावर पक्षाचं चिन्ह, घोषणा किंवा उमेदवाराचं नाव रंगवायला परवानगी देऊ शकते का? महाराष्ट्रात याचं व्यवहारातलं उत्तर ‘नाही’ असंच धरून चला. खासगी भिंतीसाठी वाट आहे, पण ती अरुंद आहे आणि कागदावाचून तिथे पाऊल टाकता येत नाही.

रस्ता : अर्ज करण्यात वेळ घालवू नका

गावातून जाणारा रस्ता नगरपरिषदेचाच असतो असं नाही. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असू शकतो, आणि तसा असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या सहीला तिथे किंमत नाही. रस्ता पालिकेचा असला तरी त्यावरच्या खुणा कशा असाव्यात हे रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या आयआरसी ३५ या संहितेत ठरलेलं आहे. वाहतूक चिन्हासारखी दिसून चालकाची दिशाभूल करणारी किंवा चिन्ह झाकणारी खूण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ ला चालत नाही. झेब्रा क्रॉसिंगजवळ पांढऱ्या रंगात काढलेलं निवडणूक चिन्ह नेमकं तिथेच अडकतं.

नियम बाजूला ठेवले तरी धोका खरा आहे. रस्त्यावरचे अधिकृत पट्टे थर्मोप्लास्टिकचे असतात. साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा थर, त्यात काचेचे बारीक मणी. कार्यकर्ते वापरतात तो डब्यातला ऑइल पेंट. तो डांबराच्या खडबडीत कणांवर बसून पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि पहिल्या सरीत दुचाकीचं चाक त्यावरून सटकतं. वळणावर किंवा चढावर तर असा मजकूर कधीच काढू नये. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

भिंत : निवडणूक नसताना

इथे पहिला कायदा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५. लोकांच्या नजरेस पडणारी जागा विद्रूप केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही यात येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसऱ्याकडून रंगवून घेतलं तरी सुटका नाही, कारण कायद्यात तेही धरलेलं आहे.

महापालिका हद्दीत जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याचं कलम ३२८-अ, इतर महापालिकांत १९४९ च्या महापालिका कायद्याची कलमं २४४ आणि २४५. अर्ज प्रभाग कार्यालयात किंवा संबंधित खात्यात जातो. मुंबईत ते अनुज्ञापन खातं, पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग. नगरपरिषदेत मुख्याधिकारी, गावात ग्रामपंचायत. अर्जात भिंतीचा पत्ता, लांबी-रुंदी, मजकूर जसाच्या तसा, किती दिवस ठेवणार आणि कोण पुसणार हे लिहा. रिकाम्या भिंतीचा फोटो जोडा. नंतर ‘आधी काय होतं’ हा वाद निघाला की हा एकच फोटो उपयोगी पडतो.

आचारसंहिता लागल्यावर

लोकसभा-विधानसभेला भारत निवडणूक आयोगाचे नियम लागतात, महापालिका ते ग्रामपंचायत निवडणुकांना राज्य निवडणूक आयोगाची आचारसंहिता. पुढच्या मुदती पहिल्या प्रकारच्या आहेत. स्थानिक निवडणुकीसाठी त्या त्या वेळचा आदेश वाचा.

निवडणूक जाहीर होताच घड्याळ सुरू होतं. सरकारी मालमत्तेवरचा मजकूर २४ तासांत, बसस्थानक, पूल, खांब अशा सार्वजनिक जागांवरचा ४८ तासांत, आणि खासगी मालमत्तेवरचा विनापरवाना मजकूर ७२ तासांत काढावा लागतो. काढला नाही तर प्रशासन काढतं आणि खर्च वसूल करतं.

खासगी भिंतीवर नव्याने रंगवायचं तर स्थानिक कायदा त्याला मुभा देतो का, हे आधी पाहा. देत नसेल तर मालक कितीही राजी असला तरी रंगवता येत नाही. म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या पहिल्याच बैठकीत हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मुभा असेल तर ही कागदपत्रं लागतात :

– मालकाची स्वेच्छेने दिलेली लेखी संमती, तारखेसह, ब्रश लागण्याआधीची
– मालकी दाखवणारा कागद : शहरात मालमत्ता कराची पावती किंवा मालमत्ता पत्रक, गावात नमुना ८ चा उतारा
– सोसायटी असेल तर व्यवस्थापक समितीचा ठराव, अध्यक्ष व सचिवांच्या सहीने
– मजकुराचा नमुना आणि पेंटरचं बिल किंवा दरपत्रक

संमतीची प्रत तीन दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची. सोबत गाव किंवा वस्तीनिहाय तक्ता : मालकाचं नाव, पत्ता, झालेला किंवा होणारा खर्च. पोच घ्या, त्यावर शिक्का आणि वेळ पाहा.

सगळ्यात जास्त अर्ज घसरतात ते संमतीवर. भाडेकरूची सही चालत नाही. गाळेधारकाने सोसायटीच्या कंपाउंडची भिंत देऊन टाकलेली असते. गावात घर भावाभावांत सामाईक असतं, एकाने सही केली की दुसरा तक्रार करतो, आणि ती तक्रार रास्तच असते. सामाईक घर असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. दुसरा घोटाळा संमतीच्या तारखेचा. भिंत सोमवारी रंगली आणि संमती गुरुवारची, तर तो कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

मजकुरात जात, धर्म, चिथावणी, वैयक्तिक चारित्र्यावर हल्ला नको. भिंतीच्या मजकुराला माध्यम प्रमाणन समितीकडे जावं लागत नाही. ती टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमांच्या जाहिरातींसाठी आहे. पोस्टर-फ्लेक्स छापत असाल तर मात्र लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

खर्चाकडे दुर्लक्ष महागात पडतं. रंग, पेंटरची मजुरी, शिडीचं भाडं हे सगळं उमेदवाराच्या रोजच्या नोंदवहीत जातं. विधानसभेला राज्यात मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. कार्यकर्त्याने ‘फुकट’ रंगवून दिलेली भिंतही जिल्ह्याच्या जाहीर दराने मोजली जाते. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. तो न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

तक्रार करायची असेल तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरून काढलेला फोटो टाका. शंभर मिनिटांत निकालात काढायची ही व्यवस्था आहे. जुना, फोनमधला फोटो तिथे चालत नाही.

पुसण्याचं काम मात्र नीट करा. चुन्याचा एक हात मारला की ओला असताना भिंत पांढरी दिसते आणि सुकल्यावर खालचा निळा-भगवा ऑइल पेंट जसाच्या तसा वर येतो. चिन्ह ओळखू येतं, तक्रार होते, पथक पुन्हा येतं. आधी पॉलिश पेपरने घासा, मग प्रायमर, मग भिंतीच्या मूळ रंगाचे दोन हात. हा खर्च पेंटरच्या पहिल्याच बिलात धरून ठेवा आणि काम झाल्यावर त्याच कोनातून फोटो काढून मालकाला द्या.