लहान संगणक प्रणालींसाठी हलका ग्राफिकल इंटरफेस

तुटपुंज्या मेमरीच्या यंत्राला पडदा जोडून त्यावर बटणे, आकडे, आलेख दाखवणारी आणि बोटाचा स्पर्श किंवा कळ ओळखणारी आज्ञावली. तिच्याखाली विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली पुष्कळदा नसतेच. बेळगाव सीमाभागात अशा पडद्याला कामाच्या जागा भरपूर आहेत: उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीचे कंट्रोल पॅनेल, मशीन शॉपमधले मापनयंत्र, उसाच्या मळ्यातल्या थ्री फेज मोटारीचा स्टार्टर, साखर कारखान्याचा वजनकाटा. यातल्या बहुतेक ठिकाणी पडदा मराठी आणि कन्नड दोन्हींत वाचता यावा लागतो, आणि इंटरफेसचा खरा कस तिथे लागतो.

थोडक्या मेमरीत चित्रे बसवण्याची खटपट जुनी आहे. कमोडोर ६४ या ६४ किलोबाइट मेमरीच्या घरगुती संगणकावर १९८६ मध्ये जिओस ही खिडक्या आणि आयकॉनांची प्रणाली आली होती. आजच्या मायक्रोकंट्रोलरची (एका चिपमधल्या छोट्या संगणकाची) चणचण त्याहून मोठी असू शकते. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या जुन्या, मूळ रूपातल्या चिपमध्ये रॅम (काम चालू असतानाची मेमरी) अवघी २ किलोबाइट. १२८×६४ बिंदूंच्या एकरंगी पडद्याची प्रतिमा १,०२४ बाइट घेते, म्हणजे निम्मी रॅम त्यातच संपली. ३२०×२४० च्या रंगीत पडद्याला बिंदूमागे २ बाइट धरले तर १,५३,६०० बाइट लागतात. ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपमध्ये ५२० किलोबाइट रॅम असली तरी वायफाय आणि मूळ काम त्यातलाच वाटा मागतात. म्हणून पूर्ण प्रतिमा मेमरीत ठेवायचीच नाही. २४ ओळींची पट्टी (१५,३६० बाइट) रंगवायची, पडद्याकडे पाठवायची, त्याच जागेत पुढची पट्टी रंगवायची. शिवाय जेवढा चौकोन बदलला तेवढाच पुन्हा काढायचा. ४० मेगाहर्ट्झच्या एसपीआय (चिप आणि पडदा जोडणाऱ्या) तारेवरून पूर्ण पडदा भरायला ३० मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो. भट्टीच्या तापमानाचा एक आकडा बदलण्यासाठी तो खर्चण्यात काही अर्थ नाही.

इंटरफेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावा, यासाठी त्याचा गाभा सी भाषेत लिहितात आणि हार्डवेअरशी संबंध तीनच ठिकाणी ठेवतात: रंगवलेला चौकोन पडद्याकडे पाठवणे, स्पर्शाची जागा वाचणे, मिलिसेकंद मोजणे. चिप बदलली की एवढेच नव्याने लिहायचे. गाबोर किश-वामोशी यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली, एमआयटी या मुक्त परवान्याखालची एलव्हीजीएल ही लायब्ररी (तयार आज्ञावलींचा संच) याच रचनेची. तीच आज्ञावली एसडीएल या पीसीवर चित्रे दाखवणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने पीसीवरच्या खिडकीत चालवून पाहता येते. बोर्ड हाती येण्याआधीच अर्धे काम उरकते.

बटणे काढणे सोपे; त्यांवरची अक्षरे जड. रोमन लिपीत एका संकेतांकाला (अक्षराच्या ठरलेल्या क्रमांकाला) एक आकृती दिली की भागते. देवनागरीत ‘कि’ची वेलांटी ‘क’नंतर साठवतात पण आधी काढतात, ‘सूर्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, आणि ‘शेतकऱ्याचे’ लिहिताना तोच ‘र’ निराळे रूप घेतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचा ‘ओत्तक्षर’ मुख्य अक्षराखाली बसतो, त्यामुळे ओळीची उंचीही वाढवावी लागते. ती इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरचे अनुस्वार आणि खालचे ओत्तक्षर कापले जातात. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतांक-यादीने दोन्ही लिप्यांना प्रत्येकी १२८ संकेतांकांची जागा दिली आहे, पण प्रत्यक्ष लागणाऱ्या आकृत्या त्याच्या कितीतरी पट. पीसीवर ही जुळणी हार्फबझसारखी आज्ञावली करते. लहान चिपवर तिला फाँटासकट जागा मिळणे कठीण.

यावरची वाट अशी की ठरलेले मजकूर, म्हणजे ‘चालू’, ‘बंद’, ‘तेल कमी’, पीसीवर जुळवून एकरंगी चित्रांच्या रूपात फ्लॅशमध्ये (वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत) ठेवायचे. १००×२४ बिंदूंची पाटी ३०० बाइटची होते. दोन्ही भाषांत प्रत्येकी ५० पाट्या धरल्या तर ३०,००० बाइट पुरतात. आकड्यांना जोडाक्षरे नसतात, म्हणून प्रत्येक लिपीचे दहा अंक वेगळे ठेवले की मोजमापे हवी तशी दाखवता येतात. भाषा बदलण्याचे बटण मात्र पहिल्या पडद्यावरच हवे. ते सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडवले की पाळी बदलून आलेल्या कामगाराला ते सापडत नाही.

वजनकाट्यावर ही युक्ती अपुरी पडते. ऊस घालणाऱ्याचे नाव आधी ठाऊक नसते, तेव्हा ते जुळवलेल्या रूपात सर्व्हरकडून मागवावे लागते किंवा मोठी चिप घ्यावी लागते. खर्चाचा हिशोब केला तर पहिला मार्ग बरा, फक्त नेटवर्क गेल्यावर नावाऐवजी क्रमांक दाखवण्याची सोय ठेवावी.

स्पर्शाबाबत एवढेच की फौंड्रीत जाड हातमोज्यांनी साधा कपॅसिटिव्ह (मोबाइलसारखा, उघड्या बोटाने चालणारा) पडदा दाद देत नाही. तिथे दाबाने चालणारा रेझिस्टिव्ह पडदा लावतात. त्याचे कॅलिब्रेशन (दाबलेली जागा आणि पडद्यावरचा बिंदू जुळवणे) मधूनमधून करावे लागते, आणि त्यासाठीचे पान इंटरफेसमध्ये आधीपासून असावे.