प्रत्ययावरून शब्दार्थ

शब्दाच्या शेवटी आलेला प्रत्यय ओळखून अनोळखी शब्दाचा अर्थ ताडण्याची आणि त्याच आधारे समानार्थी शब्द जुळवण्याची रीत. धातूला लागणारे ते कृत् प्रत्यय, नाम-विशेषणांना लागणारे ते तद्धित, ही संस्कृतातली विभागणी मराठी व्याकरणानेही ठेवली. ‘दार’, ‘खोर’, ‘गिरी’, ‘खाना’ ही मंडळी फारसीतून आली.

प्रत्यय शब्दाचे घराणे सांगतो, पुरा अर्थ सांगत नाही. कोल्हापूरच्या भवानी मंडपाजवळून जाताना नगारखाना पाहणाऱ्याला ‘खाना’ म्हणजे जागा, हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे ‘पीलखाना’ हा शब्द समोर आला तरी ती कसली तरी जागा आहे, इतके लगेच कळते. मात्र ‘पील’ म्हणजे हत्ती, हे प्रत्यय सांगू शकत नाही. ते ठाऊकच असावे लागते.

समानार्थी शब्दांसाठी ही रीत सर्वांत फळते ती संस्कृत शब्दांत. जल, नीर, वारि, अंबु ही पाण्याची नावे. त्यांना ‘ज’ (जन्मलेले) जोडले की जलज, नीरज, वारिज, अंबुज, म्हणजे कमळ. ‘द’ (देणारा) जोडला की जलद, नीरद, वारिद, अंबुद, म्हणजे ढग. ‘धी’ लावला की जलधी, वारिधी, अंबुधी, म्हणजे समुद्र. चार शब्द आणि तीन शेपट्या पाठ केल्या की अकरा शब्द हाती येतात. काटेकोर बोलायचे तर ‘ज’, ‘द’ ही समासातली उत्तरपदे. शाळेत ती प्रत्ययांसारखीच शिकवतात आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते आंधळेपणाने जुळवणी केल्यावर. ‘पंकज’ म्हणजे कमळ खरे, पण चिखलात जन्मणारे सगळेच कमळ नसते. हा अर्थ रूढीने ठरलेला आहे. ‘पय’ म्हणजे पाणी तसेच दूध, म्हणून ‘पयोधर’ ढगही होतो आणि स्तनही. भूप, नृप, गोप यांतला ‘प’ राखणारा, तर पादप (झाड) आणि मद्यप यांतला पिणारा.

कोल्हापुरात ‘ई’ प्रत्ययाची गंमत पाहावी. चप्पल, साज, फेटा, मिसळ या सगळ्या गोष्टी ‘कोल्हापुरी’; माणूस मात्र ‘कोल्हापूरकर’. माणसाला कोल्हापुरी म्हटले तर तो त्याच्या पत्त्यापेक्षा ठसक्याचा उल्लेख असतो. राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी यांच्या शेवटी तोच ध्वनी आहे, पण तिथे विशेषण नाही. ‘पुरी’ म्हणजे नगरी, वस्ती. केवळ शेपूट पाहून हे तिन्ही शब्द ‘कोल्हापुरी’च्या रांगेत बसवणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतोच.

मराठीत रुळलेल्या प्रत्ययांत समानार्थ आणखी निसरडा होतो. गोडी, गोडवा, गोडपणा या तिघांचे मूळ एक. पण आपण गुळाची गोडी म्हणतो आणि आवाजाचा गोडवा. पाटीलकी हे वतन, पाटीलपणा हा स्वभाव. पैलवानकी हा तालमीतला पेशा, तर पैलवानी हे बहुधा विशेषण, जसे पैलवानी खुराक. ‘गिरी’ आज दादागिरीमुळे बदनाम असली तरी ‘मुलूखगिरी’त कमीपणा नव्हता. रंगांत ‘सर’, ‘ऊस’, ‘पट’ हे प्रत्यय छटा दाखवतात: काळसर, तांबूस, काळपट. तांबडा रस्सा ‘तांबूस’ दिसला, तर स्वयंपाक्याने तिखटाला हात आखडला, असे कोल्हापुरात समजावे. उलट भांडखोर आणि भांडकुदळ यांची शेवटे निराळी असूनही अर्थ जवळजवळ एकच, तेव्हा समानार्थी शब्दांना सारखे शेपूट लागतेच असेही नाही.

सगळ्यांत फसवे ते प्रत्ययासारखे दिसणारे शेवट. टिकाऊ म्हणजे टिकणारा, लढाऊ म्हणजे लढणारा. ‘लाचखाऊ’ही त्याच चालीचा, पण मुलांसाठी आणलेला ‘खाऊ’ खाणारा नसतो, खाल्ला जाणारा असतो. दुधाळ म्हणजे भरपूर दूध देणारी, रसाळ म्हणजे रसाने भरलेला. या हिशेबाने गुऱ्हाळ गुळाने भरलेले ठरावे. पण ती ऊस गाळून, रस आटवून गूळ करण्याची जागा, आणि ‘चर्चेचे गुऱ्हाळ’ म्हणताना तर गूळही मागे राहतो.