अंतराळ लिफ्ट: सगळे अडले आहे ते दोरावर

अंतराळ लिफ्ट म्हणजे जमिनीपासून अंतराळापर्यंत ताणलेल्या दोरावरून वर जाणारा डबा. कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर, कुठे नवे संशोधन झाले की ‘आता लिफ्टने अंतराळात’ अशी बातमी हमखास येते. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने 2012 मध्ये 96,000 किलोमीटर लांब दोराची योजना मांडली आणि 2050 हे साल सांगितले. तेव्हापासून हे साल जणू पक्केच झाले आहे, असे लिहिले जाते. तसे ते मुळीच नाही. अडचण एकाच आकड्यात दडलेली आहे आणि तो आकडा बातमीत कधीच नसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. वातावरण संपले की गुरुत्वाकर्षणही संपते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात 400 किलोमीटर उंचीवरही ते जमिनीवरच्या सुमारे 89 टक्के असते. तिथे अंतराळवीर तरंगतात ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे. याच उंचीवर लिफ्टच्या डब्यातून कोणी बाहेर पाऊल टाकले तर तो सरळ खाली पडेल. लिफ्ट पृथ्वीबरोबर दिवसाला एकच फेरी मारते. या गतीने फिरत कक्षेत टिकता येते ते विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, म्हणजे भूस्थिर कक्षेत. त्यामुळे दोर किमान तिथपर्यंत न्यावाच लागतो. त्याच्याही वर आणखी दोर आणि वजन हवे, म्हणजे वरचा भाग बाहेरच्या दिशेला ओढ घेईल आणि खालचा भाग तोलला जाईल. 1960 मध्ये सोव्हिएत अभियंता युरी आर्त्सुतानोव्ह यांनी आणि 1975 मध्ये अमेरिकी अभियंता जेरोम पिअरसन यांनी मांडलेली कल्पना हीच.

आता दोराकडे वळू. खोल विहिरीत सोडलेल्या दोराचे वरचे टोक फक्त पोहऱ्याचे वजन पेलत नाही, खाली लोंबणाऱ्या सगळ्या दोराचेही पेलते. म्हणून अंतराळातला दोर जमिनीपाशी बारीक आणि भूस्थिर कक्षेपाशी सर्वांत जाड हवा. पण जाड केलेल्या भागालाही वजन असते आणि ते पेलायला त्याच्या वरचा भाग आणखी जाड लागतो. ही वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते.

किती, ते पाहू. उंचीबरोबर गुरुत्वाकर्षण घटते आणि केंद्रोत्सारी बल, म्हणजे फिरण्यामुळे जाणवणारी बाहेरची ओढ, वाढते. हे दोन्ही हिशेबात घेतले तर सर्वत्र सारख्या जाडीच्या दोराचा भूस्थिर कक्षेपर्यंतचा भार, जमिनीवरचे गुरुत्वाकर्षण कायम धरून टांगलेल्या सुमारे 4,940 किलोमीटर दोराइतका भरतो. दुसरा आकडा पदार्थाचा: स्वतःच्याच वजनाने तुटण्यापूर्वी तो किती लांब लटकू शकतो? चांगली पोलादी तार 25 ते 30 किलोमीटर, केव्हलर हा बुलेटप्रूफ जाकिटांतला धागा सुमारे 250 किलोमीटर. 4,940 ला या लांबीने भागायचे आणि जितके उत्तर येईल तितक्या वेळा 2.718 ला स्वतःनेच गुणायचे. दोराच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ तळापेक्षा भूस्थिर कक्षेपाशी तितके पट लागते.

पोलादासाठी हे उत्तर 1 वर 70 पेक्षा जास्त शून्ये इतके येते. तळाशी एक चौरस मिलिमीटरची तार घेतली तरी वरचा भाग दृश्य विश्वात मावणार नाही! केव्हलरसाठी ते सुमारे 38 कोटी येते. पण केव्हलरच्या दुप्पट लांब लटकणारा पदार्थ मिळाला तर 38 कोटींचे थेट वर्गमूळ होते, सुमारे 19,500. पुन्हा दुप्पट केले की 140, आणखी एकदा केले की 12. अशक्य आणि शक्य यांच्यात तीन दुपटींचेच अंतर आहे, आणि या गणितातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

नॅनोट्यूबचे आकर्षण त्यामुळेच. 50 गिगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) ताण सोसणारा, त्यांच्याइतकाच हलका दोर असेल तर हे प्रमाण साडेतीनच्या आसपास येते. चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात 2013 मध्ये अर्ध्या मीटरहून लांब नॅनोट्यूब तयार झाली, आणि 2018 मध्ये 80 गिगापास्कलहून अधिक ताण सोसणारी जुडी. मात्र या जुडीची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजायची आहे. लांबी वाढते तशी अणूंच्या रचनेत दोष सापडण्याची शक्यता वाढते, आणि तार तुटते ती सर्वांत कमकुवत जागी. शिवाय एकमेकींना नुसत्या चिकटलेल्या नळ्या ताण पडला की घसरतात. म्हणून बातमी वाचताना एकच विचारावे: ही ताकद किती लांबीवर मोजली?

इतर अडचणी आहेतच. प्रत्येक उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताचे प्रतल ओलांडते किंवा त्यातच असते, आणि दोर नेमका त्याच प्रतलात उभा असतो. त्यामुळे आज ना उद्या अवकाश कचऱ्याशी त्याची गाठ पडणारच.

हेच गणित चंद्रावर लावले तर चित्र पालटते. चंद्राच्या पृष्ठभागापासून, पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या, दोघांची ओढ तोलली जाते त्या समतोल बिंदूपर्यंतचा भार पृथ्वीवरच्या जेमतेम 275 किलोमीटर दोराइतका भरतो. केव्हलरच्या दोरासाठी जाडीचे प्रमाण तीनच्या आसपास येते. सुरक्षिततेसाठी निम्म्याच ताणावर वापरायचे ठरवले तरी ते नऊपर्यंत जाते. म्हणजे चंद्राच्या लिफ्टला नव्या पदार्थाची वाट पाहायची गरज नाही. तिथवर हजारो किलोमीटर दोर न्यायला मात्र रॉकेटच लागतील.