इंजिनाच्या पोटातला धूर: ड्राफ्ट ट्यूब ते पीसीव्ही

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या बसल्या तरी जळत्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेने निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या तळाच्या पोकळीत, उतरतोच. हाच ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं असतात. त्याला वाट मिळाली नाही तर सील गळू लागतात आणि ऑइलचा काळा गाळ होतो.

1960 च्या आसपासपर्यंत बहुतेक अमेरिकन गाड्यांत यावर तोडगा होता तो ड्राफ्ट ट्यूबचा. इंजिनातून खाली रस्त्याकडे आलेली, टोकाला तिरकी कापलेली साधी नळी. गाडी पळू लागली की टोकाशी दाब कमी होई आणि धूर बाहेर ओढला जाई. ताजी हवा ऑइल भरायच्या जाळीदार झाकणातून आत येई. गाडी थांबली की ही ओढही थांबे. शहरात रेंगाळणाऱ्या इंजिनांत गाळ साचे, तो म्हणूनच.

दुसरा मार्ग ठाऊक नव्हता असं नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये हाच धूर मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, व्हॅक्यूमने खेचणारा व्हॉल्व्ह होता. प्रवासी गाड्यांपर्यंत तो पोहोचला लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. गाड्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात मिसळून हे धुरकं बनतं, असं रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकात दाखवलं. मग 1961 च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि 1963 पासून अमेरिकाभर असा व्हॉल्व्ह, म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) आला. 1968 पर्यंत झाकणाची उघडी जाळी जाऊन ताज्या हवेची वाट नळीने थेट एअर क्लीनरला जोडली गेली.

नेमका इथेच गैरसमज रुजला. पीसीव्ही 'प्रदूषणाचं सामान' ठरला आणि हौशी लोकांनी तो उपटून टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, चकचकीत ब्रीदर (हवा सोडणाऱ्या जाळीदार टोप्या) बसवले. ब्रीदर दाब सोडतो, पण धूर खेचत नाही. वाफ आतच राहते, कव्हर तेलकट होतं आणि गाडीत वास येतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी हा सौदा मला तरी तोट्याचाच वाटतो.

पीसीव्हीने इंजिन नीट चालत नाही, या हौशी लोकांच्या तक्रारीत तथ्यही होतं. आयडलिंगला व्हॅक्यूम जोरदार असतो, तेव्हा व्हॉल्व्हमधला दांडा वाट अरुंद करतो. क्रूझिंगला ती रुंदावते. मोठ्या ओव्हरलॅपच्या (आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे ठेवणाऱ्या) कॅमशाफ्टमुळे आयडलचा व्हॅक्यूमच घसरतो आणि साध्या गाडीसाठी बेतलेला दांडा फडफडतो. मग जास्त हवा आत शिरून मिश्रण पातळ होतं. खाली बॅफल (ऑइल अडवणारा पत्रा) नसेल तर ऑइलही खेचलं जातं आणि त्याने नॉकिंग वाढतं. म्हणून कॅमला जुळणारा व्हॉल्व्ह, बॅफल, मध्ये ऑइल सेपरेटर आणि कार्बोरेटरच्या बुडातलं मोठं पोर्ट, एवढं नीट जमवावं लागतं.

पूर्ण थ्रॉटलला ब्लो-बाय सर्वांत जास्त आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ शून्य. ड्रॅग रेसवाल्यांनी त्यासाठी हेडरच्या कलेक्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या नळ्या एकत्र येतात तिथे, धूर ओढणारी तिरकी नळी घातली. सायलेन्सरच्या मागच्या दाबापुढे मात्र तिचं फारसं चालत नाही. क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम असला की रिंगा नीट बसतात, हे कळल्यावर रेसवाल्यांनी पंपही शोधला. त्यासाठी त्यांनी भंगारातून उचलला तो एक्झॉस्टमध्ये हवा ढकलणारा प्रदूषण-नियंत्रणाचा पंप, आणि त्याचं शोषणाचं तोंड जोडलं टॅपेट कव्हरला.