माशांचा माग काढणं (कोकण किनारा)

कुठला मासा कुठे जन्मतो, पिल्लं कुठे वाढतात, अंडी घालायला तो कुठे जातो आणि वर्षाच्या कुठल्या महिन्यात कुठल्या पाण्यात असतो, हे खुणा लावून, यंत्रं बसवून नाहीतर माशाच्या शरीरातूनच शोधून काढणं म्हणजे माशांचा माग काढणं. हा सगळा खटाटोप कशासाठी तर राखायचं नक्की काय आणि कधी ते ठरवायला. समुद्राचा एखादा तुकडा राखीव केला आणि मासा तिथे वर्षातून चार दिवसच येणार असेल तर बाकीचं वर्षभर आपण नुसतं पाणीच राखत बसतो.

मालवणचं घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं २९.१२ चौ. किमी. क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं आणि तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. खडकात, प्रवाळात घर करून राहणाऱ्या गोबऱ्यासारख्या माशाला एवढा तुकडा पुरू शकतो, तो फार लांब जात नाही. पण बांगडा आणि तारली थव्याने येणार, किनाऱ्याला लागून पुढे सरकणार, त्यांना अभयारण्याची हद्द काय कळणार? म्हणजे एकाच जागेचा एका माशाला फायदा आणि दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. मासा किती हिंडतो हे माहीत नसताना हद्दीवरून भांडत बसलं की दोन्ही बाजू अंदाजानेच बोलतात.

आता कुणी म्हणेल की तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, सगळं माहीत असतं, मग यंत्रं कशाला. माहीत असतं हे खरंच आहे. उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), वारा कुठला, पाण्याचा रंग काय, पक्षी कुठे घिरट्या घालतायत, यावरून रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून लांब जाळं ओढणारे, थवा ओळखतात आणि त्यात सहसा चुकत नाहीत. फक्त एक आहे, जाळं जिथे पडतं तिथलीच बातमी जाळं देतं. या वर्षी मालवणात बांगडा कमी लागला तर तो खरंच कमी झाला, की खोल पाण्यात गेला, की कारवारकडे लागला, हे जाळ्यावरून सांगता येत नाही.

त्यासाठी सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे नंबर लिहिलेली खूण, म्हणजे टॅग. मासा पकडायचा, टॅग लावायचा, जागा आणि तारीख लिहून सोडून द्यायचा, आणि पुढे कुणाच्या तरी जाळ्यात सापडेपर्यंत वाट बघायची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९६६ ते १९६९ या काळात पश्चिम किनाऱ्यावर बांगडा आणि तारलीला असे टॅग लावायचा कार्यक्रम केला होता. या पद्धतीत निम्मं काम शास्त्रज्ञांचं आणि निम्मं ज्याच्या जाळ्यात तो मासा येतो त्याचं, त्याने टॅग परत दिलाच नाही तर मासा सोडला काय आणि खाल्ला काय सारखंच. त्यामुळे बंदरावर लोकांचा विश्वास नसेल तर कितीही टॅग लावा, हातात काही येत नाही.

आणि सगळ्या माशांना टॅग चालत पण नाही. पापलेट फार नाजूक, हाताळलं की खवलं जातात, बरेचदा मरतंच. टॅगचं वजन माशाच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ नये असा साधारण संकेत आहे, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या बांगड्यावर तीन ग्रॅमपेक्षा जास्त काही लादता येत नाही. उपग्रहाला ठिकाण कळवणाऱ्या सॅटेलाइट टॅगचा तर प्रश्नच येत नाही, तो व्हेल शार्कसारख्या अवाढव्य माशाला लावतात, गुजरातच्या किनाऱ्यावर लावलेही आहेत. त्यातही खाऱ्या पाण्यातून रेडिओचे सिग्नल जात नाहीत, जीपीएस पाण्याखाली चालत नाही, म्हणून टॅग पृष्ठभागावर आला तरच माहिती मिळते. कासवांचं काम म्हणूनच सोपं, ती श्वास घ्यायला वर येतातच. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले आणि गुहागरला पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना सॅटेलाइट टॅग लावले, वेळासच्या पहिल्या मादीचं नाव प्रथमा ठेवलं होतं. पुढच्या वर्षी टॅग लावलेली, गुहागरहून निघालेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, आणि ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालायला आली. कासव म्हणजे मासा नव्हे, पण कोकणातल्या लोकांना टॅग म्हणजे काय ते या कासवांमुळेच कळलं.

मधल्या आकाराच्या माशांसाठी आवाजाचे टॅग असतात. पोटात छोटी चीर देऊन टॅग आत ठेवतात, तो ठरावीक वेळाने आवाज करतो आणि तळाशी बसवलेला रिसिव्हर तो ऐकतो. पल्ला काहीशे मीटरचा, त्यात बोटींचा गोंगाट, आणि ट्रॉलरच्या जाळ्यात रिसिव्हरच उपटून येण्याची भीती. उघड्या समुद्रात हे अवघडच. पण खाडीचं मुख चिंचोळं असतं, जाणाऱ्या येणाऱ्या माशाला तिथूनच जावं लागतं, त्यामुळे कोकणात या तंत्राला सगळ्यात योग्य जागा खाडीच वाटते.

आणि खाडीत माग काढण्यासारखा मासा म्हणजे जिताडा. पावसाळ्याच्या सुमारास तो मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं भरतीबरोबर खाडीत चढतात आणि रायगडच्या खारेपाटात तर शेततळ्यांपर्यंत पोचतात. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे बहुतेक माद्याच. अंडी घालायच्या दिवसांत मुखाशी मोठे जिताडे मारले की सरळ पुढची पिढीच जाते, आणि वर खारभूमीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, बंद असली की पिल्लांना आत शिरता येत नाही. दोन्ही टोकांना राखलं तरच उपयोग. कुठल्या आठवड्यात राखायचं हे मात्र रिसिव्हरच नीट सांगू शकतो.

टॅग न लावताही माग निघतो. माशाच्या कानात चुन्याचा खडा असतो, ढोमी आणि घोळीत तर चांगला मोठा, आणि त्यात झाडाच्या खोडासारखी वर्तुळं पडतात. त्या थरांमधलं स्ट्रॉन्शियम आणि बेरियम मोजलं की मासा कधी खाडीच्या मचूळ पाण्यात होता आणि कधी समुद्रात, याचा अंदाज येतो. पापलेटसारख्या नाजूक माशाला हाच मार्ग बरा, कारण बाजारातला मेलेला मासासुद्धा चालतो.

हे काम नियमांना कुठे भिडतं बघा. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सगळ्या माशांना एकच, प्रत्येकाचा अंडी घालायचा काळ मात्र वेगळा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, त्याच वर्षी ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला, पण डोलीत, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, पापलेटची पिल्लं येतात ती येतातच, मापाची पट्टी हातात असून त्या पिल्लांना काय फायदा, ती जाळ्यात मेलेलीच असतात. पिल्लं कुठल्या पट्ट्यात कधी असतात हे कळलं तर तेवढे दिवस तिथे डोल न लावणं जास्त कामाचं ठरेल.

जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क किंवा कासव जिवंत सोडून दिलं तर जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. योजना मच्छीमारांसाठी, पण कुठला प्राणी कुठे आणि कधी सापडला याची नोंद आपोआप होत जाते, आणि माझ्या मते स्वस्तात मिळणारी ही सगळ्यात चांगली माहिती आहे.

एक अडचण उरतेच. थवा कुठे जमतो हे कळलं की पर्ससीनवाल्यालाही, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून पकडणाऱ्यालाही, कळतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य सॅटेलाइटवरून बघून मासे कुठे मिळतील याचे अंदाज देतेच, ते मासे पकडण्यासाठी. अंडी घालायच्या जागांचे नकाशे तसे सरसकट वाटू नयेत, निदान हंगाम संपेपर्यंत तरी.

जाळ्यात टॅगवाला मासा आला तर टॅग फेकू नये. नंबर, तारीख, जागा, खोली आणि माशाची लांबी लिहून ठेवावी, फोटो काढावा आणि जवळच्या मत्स्य परवाना अधिकाऱ्याकडे किंवा रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयात कळवावं. मासा मेला असेल तर डोकंही ठेवावं, कानातला खडा त्यातच असतो.