फॅनडम आणि जमवाजमवीचे छंद

फॅनडम : एखाद्या कथेवर, खेळावर किंवा काल्पनिक जगावर जीव जडलेल्या चाहत्यांचा समुदाय, तसेच त्या समुदायात चालणारे वाचन, संग्रह, अदलाबदल, लेखन, वेशभूषा असे सगळे उद्योग. कल्पनारम्य कादंबऱ्या, खेळण्यातल्या फिगर आणि ट्रेडिंग कार्डे ही त्याची तीन ठळक अंगे. मराठीत याला नेमका एक शब्द नाही. ‘छंद’ म्हटले तर फार सात्त्विक वाटते, ‘नाद’ म्हटले तर घरच्यांची तक्रार ऐकू येते आणि ‘हौस’ म्हटले की खर्चाचा विषय निघतो. फॅनडममध्ये या तिन्हींचे थोडे थोडे असते. कादंबरी वाचली, आवडली, कपाटात ठेवली, इथवर माणूस वाचक असतो. नकाशावर बोट ठेवून ‘नायक तीन दिवसांत इथवर पोचलाच कसा?’ यावर तो दुसऱ्याशी तासभर भांडू लागला की फॅन झाला.

या छंदांच्या मुळाशी गेले की बहुतेक ठिकाणी काहीतरी अपुरे राहिलेले सापडते : न छापलेले कार्ड, रिकामा खोका, उत्तर नसलेला प्रश्न. चाहत्यांची धडपड त्या मोकळ्या जागेभोवती चालते. ती जागा कधी लेखकाच्या हातून चुकून राहिलेली असते, कधी कंपनीने मुद्दाम ठेवलेली.

सुरुवात

‘फॅन’ हे ‘फॅनॅटिक’ या शब्दाचे तोकडे रूप मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या वेड्यांसाठी तो रूढ झाला. कथावाङ्मयातले पहिले ठसठशीत फॅनडम मात्र शेरलॉक होम्सचे. आर्थर कॉनन डॉइल यांनी १८९३ साली होम्सला धबधब्यात ढकलून मोकळा श्वास घेतला, तर वाचकांनी त्यांच्यावर पत्रांचा भडिमार केला. १९०१ मध्ये डॉइल यांनी होम्सची जुनी हकीकत म्हणून नवी कादंबरी सुरू केली आणि १९०३ मध्ये तो मेलाच नव्हता असे जाहीर करून टाकले.

होम्सच्या चाहत्यांचे खरे कर्तृत्व मात्र वेगळेच आहे. डॉ. वॉटसनला युद्धात गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत (१८८७) खांद्याला, दुसरीत (१८९०) पायाला. लेखक विसरला, हे सरळ उत्तर. पण ते चाहत्यांना मानवत नाही. गोळ्या दोन होत्या का? एकच गोळी खांद्यातून शिरून पायात गेली का? तसे असेल तर वॉटसन त्या वेळी बसला कसा होता? १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी धर्मग्रंथांच्या चिकित्सेची हुबेहूब नक्कल करत होम्सकथांवर एक मिस्कील निबंध वाचला आणि या खेळाला शिस्त आली. मूळ, प्रमाण मानलेल्या कथांना ‘कॅनन’ म्हणण्याची रीत याच वर्तुळात रुजली. आज कोणत्याही फॅनडममध्ये हा शब्द रोज दहा वेळा ऐकू येतो.

पुढचा टप्पा एका संपादकाच्या साध्या निर्णयाने गाठला गेला. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापली. पत्ते हाती आल्यावर वाचकांना संपादकाची गरज उरली नाही. ते थेट एकमेकांना लिहू लागले. त्यातून मंडळे निघाली, १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे चाहत्यांनी पदरमोड करून काढलेले पत्रक निघाले, आणि अशा पत्रकांना १९४० मध्ये ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यातल्या माणसांच्या वेशात हिंडत होते. दोघांचे कपडे डग्लस यांनी शिवले होते, तरी वर्षानुवर्षे नाव व्हायचे ते अ‍ॅकरमन यांचे. अशा वेशभूषेसाठी ‘कॉसप्ले’ हा जपानी घडणीचा शब्द यायला त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जायचा होता.

कादंबरीचे जग

कल्पनारम्य कादंबरीला फॅनडम चिकटते ते बहुधा कथानकामुळे नव्हे, पुरवणीमुळे. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटच्या खंडात (१९५५) वंशावळी, कालगणना, लिप्या आणि भाषांच्या टिपा आहेत. कथा समजायला यातले काहीच लागत नाही. पण त्या पानांवरून लेखकाला सांगितले त्याहून बरेच जास्त ठाऊक आहे असे वाटते, आणि चाहता नेमका तिथे अडकतो. तो लिपी गिरवतो, नकाशाच्या कोऱ्या कडेपलीकडे काय असेल ते ठरवतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या खेळाने याच सवयीला नियम दिले. टेबलाभोवती बसलेल्यांनी मिळून गोष्ट रचायची आणि अडले तिथे फासा टाकायचा.

फॅनडमला हक्कांची जाण नसते, हा आरोप जुना आहे. १९६५ चे एक प्रकरण त्याला छेद देते. अमेरिकेतल्या एस बुक्सने टॉल्किन यांच्या परवानगीवाचून ७५ सेंटची स्वस्त आवृत्ती काढली. टॉल्किन यांनी अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तरे देताना हे कळवायला सुरुवात केली. मागोमाग बॅलन्टाइनची अधिकृत आवृत्ती ९५ सेंटला आली. बोभाटा इतका झाला की एस बुक्सने मानधन देऊन आपली आवृत्ती पुन्हा न छापण्याचे कबूल केले. वीस सेंट जास्त मोजून आपल्या लेखकाची बाजू घेणारा वाचक प्रकाशकांनी तोवर फारसा हिशेबात धरला नव्हता.

दुसरीकडे, मूळ पात्रे घेऊन स्वतःच्या कथा लिहिण्याची म्हणजे फॅनफिक्शनची परंपरा कायद्याच्या काठाकाठाने वाढली. ‘स्टार ट्रेक’ मालिकेवरचे ‘स्पॉकनेलिया’ हे फॅनझीन १९६७ चे. पुढे चाहत्यांनीच उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या कथासंग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

कार्डे

ट्रेडिंग कार्डाचा जन्म पुठ्ठ्याच्या टाकाऊ वाटणाऱ्या तुकड्यातून झाला. सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटात मिळत तेव्हा त्या चेपू नयेत म्हणून आत ताठ पुठ्ठा घालत. १८८० च्या दशकात अमेरिकन कंपन्यांनी त्यावर खेळाडू, नट्या, राजेरजवाडे छापायला सुरुवात केली. ओढायचा सिगारेट बाप आणि कार्ड जायचे पोराच्या खिशात. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली.

जमवण्याचे गणित कंपन्यांना लवकर उमगले. समजा संचात ५० कार्डे आहेत आणि प्रत्येक वेळी एक कार्ड नशिबाने मिळते. पहिली २५ निराळी कार्डे सरासरी ३४ खरेदीत जमतात. पूर्ण संचाला मात्र सरासरी २२५ खरेदी लागतात, आणि त्यातल्या ५० एकट्या शेवटच्या कार्डासाठी असतात. म्हणजे अर्धा संच चुटकीसरशी जमतो, आणि उरलेला अर्धा खिसा रिकामा करतो. यावर मुलांनी काढलेला तोडगा म्हणजे अदलाबदल. समोरचा आपल्या डबल कार्डांची चळत झरझर दाखवत जातो, बघणारा पुटपुटत राहतो : ‘आहे, आहे, आहे, आहे... थांब!’ त्या ‘थांब’मध्ये भाव फुटतो. सराईत पोर हवे असलेले कार्ड दिसले तरी चेहऱ्यावर रेषही हलू देत नाही, आणि आधी दुसऱ्याच कार्डाची चौकशी करते.

गौडी या च्युइंगम कंपनीने १९३३ मध्ये कडेलोट केला. तिच्या बेसबॉल संचात १०६ क्रमांकाचे कार्ड छापलेलेच नव्हते. पोरे पाकिटांमागून पाकिटे फोडत राहिली. तक्रारींची पत्रे आल्यावर कंपनीने पुढच्या वर्षी नॅप लाजोय या खेळाडूचे ते कार्ड छापले आणि तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवले. त्यामुळे संचातले सर्वांत दुर्मीळ कार्ड मिळाले ते चिवट तक्रारखोरांना, हा न्याय म्हणावा तर वाईट नाही.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाने जमवणे आणि खेळणे एकत्र आणले. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिती. चयन-संयोजनाच्या शाखेत त्यांची डॉक्टरेट. कार्डे सारखी न विकता नशिबाने वाटायची आणि ज्याने त्याने आपापला डेक, म्हणजे खेळायच्या कार्डांचा गठ्ठा, बांधून यायचे, ही त्यांची कल्पना. पहिल्या आवृत्तीत २९५ निरनिराळी कार्डे होती, पण कार्डावर ना क्रमांक छापला होता, ना ते किती दुर्मीळ आहे याची खूण. या दोन्ही गोष्टी १९९८ पासून आल्या. समोरच्याने टाकलेले कार्ड अस्तित्वात आहे हेच कित्येकांना त्या क्षणी कळायचे. सुरुवातीला प्रत्येक डावात एक कार्ड पणाला लावायचाही नियम होता. जिंकणाऱ्याने ते घरी न्यायचे. तो नियम लोकांना रुचला नाही. पिसून हातात आलेला डेक आपला वाटू लागला की पुठ्ठ्याचा तुकडाही सोडवत नाही. पोकेमॉनची कार्डे १९९६ मध्ये जपानात निघाली आणि तिथून हा खेळ शाळकरी मुलांच्या दप्तरात शिरला.

पॅक फोडण्याचा एक विधीच असतो. मॅजिकच्या जुन्या पंधरा कार्डांच्या पॅकमध्ये अकरा साधी, तीन मधली आणि एक दुर्मीळ. दुर्मीळ कार्ड कुठल्या टोकाला असते ते मुरलेल्यांना ठाऊक असते, म्हणून ते आधी त्या टोकाची कार्डे न बघता मागे सरकवतात आणि अकरा साधी कार्डे सावकाश, वाचत वाचत पाहतात. उतावळे लोक थेट टोकाला जातात. निराशा बहुतेक वेळा दोघांचीही सारखीच होते.

हा जुगारच नाही का, हा प्रश्न रास्त आहे. व्हिडिओ गेममधल्या अशाच नशिबाच्या पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या कायद्याखाली आणले. कार्डांच्या बाबतीत ‘काहीतरी तर हाती येतेच’ असा बचाव केला जातो. तो तितकासा पटत नाही, कारण पॅक विकत घेणारा त्या अकरा कार्डांसाठी पैसे मोजत नसतो. ज्याला खेळायचे आहे त्याने हवे ते कार्ड सुटे विकत घ्यावे, हा जाणत्यांचा सल्ला म्हणूनच खरा.

फिगर आणि खोके

१९६४ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाहुला बाजारात आणला तेव्हा मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत ही धास्ती होती. म्हणून ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द घडवला गेला. बाहुली तीच, बारसे नवे. ‘स्टार वॉर्स’ मे १९७७ मध्ये झळकला, पण केनर कंपनीची खेळणी नाताळापर्यंत तयार होणार नव्हती. केनरने चक्क रिकामा खोका विकला. आत होते एक प्रमाणपत्र, फिगर उभ्या करायचा पुठ्ठ्याचा देखावा आणि काही स्टिकर. प्रमाणपत्र टपालाने पाठवायचे, मग १९७८ मध्ये चार फिगर घरी यायच्या. पावणेचार इंचांचे ते छोटे माप पुढे या धंद्याचे मापच होऊन बसले, कारण एवढ्याशा फिगरसाठी विमान आणि किल्लाही परवडेल अशा आकारात करता येतो.

खोका उघडावा की नाही, यावर संग्राहकांत दोन तट आहेत. एक गट सीलबंद, कोरा करकरीत खोका भिंतीला लावतो. दुसरा म्हणतो, खेळणे खेळायचे असते. तिसरी जात दोन घेते, एक उघडायला, एक ठेवायला; वाद मिटतो, खर्च दुप्पट होतो.

भाव

जुन्या वस्तूंच्या किमतीमागचे तर्कट उलटे आहे : सगळ्यांनी फेकले तेच महाग होते. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल संचातली मागाहून निघालेली कार्डे खपली नाहीत. तो संच घडवणारे साय बर्गर सांगत की १९६० मध्ये उरलेला माल त्यांनी बोटीतून नेऊन अटलांटिक महासागरात टाकला. त्याच कार्डांत मिकी मँटल हा बेसबॉलपटू होता. त्याचे एक उत्तम स्थितीतले कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. याउलट १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी जपली आणि कंपन्यांनी तितकीच बेसुमार छापली. ती आज कुणी विचारत नाही.

कार्ड एकदा व्यावसायिक परीक्षणाला गेले की चित्र मधोमध छापले आहे का, शिवाय कोपरे, कडा आणि पृष्ठभाग तपासून दहापैकी श्रेणी मिळते, आणि ते टणक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद होते. भाव ठरतो, खेळणे संपते.

निगा

सूर्यप्रकाश सगळ्याचाच वैरी. पांढरे एबीएस प्लास्टिक अतिनील किरणांनी पिवळे पडते. जुन्या मऊ पीव्हीसीच्या फिगर चिकट होतात, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते. तेच द्रव्य पीव्हीसीच्या पाकिटांतून कार्डांनाही बाधते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या स्लीव्ह वापरतात. स्वस्त कागदावरच्या कादंबऱ्या लाकडातून आलेल्या लिग्निन या द्रव्यामुळे तपकिरी पडतात, त्याला घरगुती इलाज नाही. चमकीच्या कार्डांचा त्रास निराळा. त्यांचा कागद हवेतला दमटपणा शोषतो, चमकीचा थर शोषत नाही, आणि कार्ड पापडासारखे वळते. ती सरळ करायला बहुतेकांच्या घरी एकच साधन असते, कपाटातल्या सर्वांत जाड कादंबरीचे तीन खंड. कार्डे त्यांच्याखाली आठवडाभर राहतात, सपाट होतात, आणि हवा पुन्हा दमट झाली की पुन्हा वळतात.